खुनी दत्तकच कसा?

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्यांची लेटरहेडं छापता छापता छापखान्याला फुरसत नव्हती, तरी लिंबाजी गुरुजींची रहस्यकथा अधूनमधून यायचीच. गुरुजी शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीत खून लिहायचे. त्यांच्या कथांसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे संगप्पा जुळवायचा.

बहात्तरच्या दुष्काळात संगप्पा दहा वर्षांचा होता. खडी फोडायच्या कामावर बाप वारला आणि आईनं त्याला नांदेडच्या एका बालकाश्रमात सोडलं. वर्षभरानं याच छापखान्यातल्या चंद्रप्पा जुळाऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं, नीलम्मानं, त्याला दत्तक घेतलं. चंद्रप्पा गेल्यावर खिळ्यांची पेटी संगप्पाकडे आली.

या खेपेच्या कथेत दुकानदार बापाला दत्तक मुलानं विष घातलं होतं. पुरावा काय, तर तो लहानपणी चोरून खायचा. शेवटचं वाक्य होतं : रक्त शेवटी बोललंच. संगप्पानं ते एकेक अक्षर उचलून जुळवलं आणि थांबला. मागच्या कथेतला खुनीही आश्रमातलाच होता.

गुरुजी मुद्रितं तपासायला आले तेव्हा त्यानं विचारलं, "खुनी दत्तकच कसा निघतो, गुरुजी?"

"वाचकाला लगेच पटतं. कारण द्यावं लागत न्हाई."

"मी दत्तक हाय."

गुरुजींनी चष्मा काढला. "मला वाटलं, तू चंद्रप्पाचाच."

"त्यांचाच हाय."

गुरुजींनी कागद मागेपुढे चाळले. खुनी बदलायचा तर निम्मी कथा नव्यानं लिहावी लागली असती. त्यांनी शेवटच्या वाक्यावर तेवढी काट मारली.

संध्याकाळी संगप्पानं मुद्रितं नीलम्माला वाचून दाखवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण खुनाच्या गोष्टी लई आवडायच्या. चोरून खाण्याचा भाग त्यानं टाळला.

"मधलं गाळायलास," ती म्हणाली. मग तेही वाचावं लागलं.

ज्वारी निवडता निवडता तिचा हात थांबला. "तूबी भाकर उशाखाली दडवायचास."

"तुला ठावं होतं, अव्वा?"

"रोज शिळी काढून ताजी ठेवायचे. तुला कळू नये म्हणून तेवढाच तुकडा."

 ती भाकर कधी वाळत कशी नाही, हे इतक्या वर्षांत संगप्पाच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हे गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी कागद परत मागून घेतले आणि दुकानाच्या भागीदाराला खुनी केलं. पुस्तक महिनाभर उशिरा निघालं, बेताचंच खपलं.  दिवाळीनंतर गुरुजी नवी कथा घेऊन आले, तेव्हा ती संगप्पाच्या हातात देत म्हणाले, "जुळवायच्या आधी वाचून घे."