पाणी सांगणाऱ्याची जागा

रोज सकाळी चहाच्या आधी आत्या शेडमध्ये जायची आणि गाडीच्या बॉयलरला पालथा हात लावून यायची. आदल्या दिवशी गाडी पेटवलेली असो वा नसो. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा, तसा तो हात. "गार आहे," असं स्वतःशीच म्हणायची आणि मग आधण ठेवायची. काका म्हणायचे, "मला कधी ताप आला तर आधी शेडमध्ये कळवा. तिथूनच औषध मिळेल."

गाडी वाफेवर चालणारी होती. आत्या एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायची आणि मालकांच्या आजोबांची ही गाडी तिथेच मागच्या बाजूला गंजत पडली होती. लाँड्री बंद झाली तेव्हा मालक म्हणाले, "बाई, भंगारात घालायला माझा जीव होत नाही. तुम्ही न्या." आत्याने नेली. नळ्या बदलल्या, पंप खोलून साफ केला, आसनांचं चामडं स्वतः शिवलं. काका तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत. रंगाचं काम तेवढं त्यांनी केलं, आणि ते गाडीच्या दुरुस्तीहूनही जास्त दिवस चाललं, असं आत्या सांगायची.

गाडी पेटवायलाच अर्धा तास जाई. रॉकेलचा बर्नर आधी गरम करायचा, मग तो निळा जळेपर्यंत थांबायचं, मग वाफ धरायची वाट बघायची. तोवर फाटकाशी माणसं जमत.

"बाई, गाडीवर चहा ठेवलाय का?"

"ठेवलाय. कप घेऊन ये."

चालवायची आत्या. तिच्या डावीकडे काका. त्यांच्या गुडघ्यासमोर एक उभी काचेची नळी होती. बॉयलरमध्ये पाणी किती आहे, ते तिच्यात दिसे. चालवणाऱ्याच्या जागेवरून ती दिसत नसे, म्हणून काका मोठ्याने सांगत: "अर्धं... अर्ध्याला थोडं कमी... पाऊण." रस्त्यात लोक हसत. गावात त्यांचं नाव पाणीवाले पडलं होतं. त्यांना ते आवडायचं. शाळेतल्या नावापेक्षा बरं होतं, म्हणत.

त्या काचेची एक खोड होती. पूर्ण भरली की ती जशी दिसे, तशीच पूर्ण रिकामी झाली तरी दिसे. पाण्याची रेघच नसेल तर बघणार काय? म्हणून आत्याचा दंडक होता: रेघ दिसली नाही की खालची तोटी उघडायची. पाणी पडलं तर भरलेली, नुसतीच वाफ फुसकारली तर आग बंद.

त्या दिवशी आम्ही चढाच्या रस्त्याला लागलो होतो. मी मागे बसले होते. आत्याने विचारलं, "पाणी?"

"भरलंय," काका म्हणाले.

जरा पुढे गेल्यावर तिने पुन्हा विचारलं. "भरलंय म्हटलं ना," ते म्हणाले, थोडे चिडून.

मग करपलेल्या रंगाचा वास आला. आत्याने गाडी कडेला घेतली, रॉकेलचा खटका बंद केला आणि उतरून काकांच्या बाजूला आली. तोटी उघडली. कोरडी फुस्स झाली आणि थांबली. काकांचा हात घाईघाईने बॉयलरमध्ये पाणी भरायच्या पंपाच्या दांड्याकडे गेला. आत्याने मनगट धरलं.

"अहो, हात लावू नका. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचंय का?"

बॉयलर आपोआप गार होईपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या दगडांवर बसलो. पुष्कळ वेळाने काका काचेकडे न बघताच म्हणाले, "मला रेघ दिसतच नाही गं. बरेच दिवस झाले. पंपाच्या आवाजावरून सांगत होतो."

"आणि पंपात कचरा अडकून तो नुसताच वाजला की?"

ते उठून रस्त्यावर एखादी गाडी थांबवायला गेले.

भाजीच्या ट्रकने गाडी ओढत घरी आणली. कोपऱ्यावरचा वेल्डर बघायला आला. बॉयलरच्या नळ्या सांध्यांत सैल झाल्या होत्या. पाणी भरलं की खालून ठिबकायचं. "नळ्या होतील पक्क्या," तो आत्याला म्हणाला. "पण काकांना आता मागे बसवा. या पोरीला पुढे घ्या, हिचे डोळे तरुण आहेत. पुढच्या वेळी नुसता रंग जळणार नाही."

काका तिथेच उभे होते. "बरोबर बोलतोय तो," ते म्हणाले आणि रंगाचे ब्रश धुवायला गेले. ब्रश कोरडेच होते.

मला वाटलं, आत्या मला विचारेल. उत्तरही मी मनात तयार ठेवलं होतं. तिने विचारलं नाही. तिने नळ्या एकेक करून पक्क्या केल्या, पाणी भरून बघितलं, ठिबकणं थांबलं. मग गाडीवर ताडपत्री टाकली आणि दोरी बांधली.

रात्री जेवताना म्हणाली, "मोतीबिंदू आहे तो. डॉक्टरांना विचारून आले मी."

"डोळ्यात सुरी घालतात," काका म्हणाले.

"घालतात. मग दिसतं."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर ताडपत्री राहील. पाणी सांगणारा बदलून मला गाडी चालवायची नाही."

काकांनी ताटातला शेवटचा घास बराच वेळ चिवडला. "म्हणजे गाडीचं पाप माझ्या डोक्यावर," ते म्हणाले.

"डोक्यावर नाही, डोळ्यावर. आमटी वाढू?"

ताडपत्री तशीच राहिली. फाटकाशी येणारे विचारून विचारून थकले. एकदा वेल्डरच पुन्हा म्हणाला की अशी उभी राहून गाडी गंजेल. आत्या म्हणाली, गंज काढता येतो. शेवटी काका एका सकाळी पिशवीत टॉवेल भरून स्वतःच दवाखान्यात निघाले. आधी एक डोळा, मग दुसरा. पट्टी निघाल्यावर घरी येताना त्यांनी रस्त्यातल्या सगळ्या पाट्या वाचून दाखवल्या, चुकीच्या शुद्धलेखनासकट.

त्यानंतर पुष्कळ वर्षं दोघं पुढे बसून हिंडली. "अर्धं," काका सांगायचे. आत्या मान हलवायची. त्या दिवसाचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

ती गेली ती झोपेतच. आदल्या संध्याकाळी खिडकीशी बसून आसनाची उसवलेली शिवण घालत होती. दोरा दोनदा सुईच्या बाजूने गेला. तिने सुई आणि दोरा काकांपुढे धरला.

"अहो, तुमचे डोळे नवे आहेत. एवढी ओवून द्या."