दारात उभ्या गाडीचं पेट्रोल

आमची गाडी लाल सिग्नलला थांबली की थरथरायची. रस्त्यावर धावताना एकदम शहाणी. पण ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की तिला हुडहुडी भरायची, आरसा हलायला लागायचा आणि खाचेत ठेवलेली चिल्लर वाजायची. शेजारच्या गाडीतले लोक वळून बघायचे. त्यात ती पेट्रोलही भयंकर प्यायला लागली होती. टाकी पूर्वी पंधरवडाभर पुरायची, ती आता आठवड्यातच तळाला जायची, आणि ते दिवस पेट्रोलचे भाव चढायचे होते.

आम्ही तेव्हा ईडन प्रेरी नावाच्या अमेरिकन गावात राहत होतो. गाडी आम्ही भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतली होती आणि तेव्हाच ती बरीच म्हातारी होती. नवरा सॉफ्टवेअरमधला. माझ्याकडे नागपूरची मेकॅनिकलची पदवी होती, पण त्याच्या व्हिसावर आलेली असल्यामुळे नोकरी करायची परवानगी नव्हती. त्यामुळे घरातल्या सगळ्या यंत्रांवर माझं फार बारीक लक्ष असायचं.

गाडीच्या दुखण्यावर सल्ला द्यायचं काम मात्र नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका पुण्याच्या मित्राने आपणहून घेतलं होतं. तो शनिवारी चहाला यायचा, बॉनेट उघडायला लावायचा आणि कमरेवर हात ठेवून आत बघायचा.

"प्लग गेलेत," तो म्हणाला. प्लग बदलले. थरथर तशीच.

"मग फिल्टर." फिल्टर बदलला. थरथर तशीच.

"इथल्या पेट्रोलमध्ये मक्याचं अल्कोहोल घालतात यार, त्याने होतं," असं म्हणून पुढच्या शनिवारी त्याने एक बाटली आणली आणि त्यातलं औषध टाकीत ओतलं. गाडीने ते शांतपणे पिऊन टाकलं.

शेवटी नवऱ्याने ठरवलं की ही गाडी घेऊन ऑफिसला जाण्यात अर्थ नाही. मित्र रोज सकाळी त्याला न्यायला यायला लागला आणि गाडी दिवसभर दारात उभी राहिली.

याच सुमारास माझ्या सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. नोकरीभर त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आल्यानंतरचा पहिला आठवडा त्या खिडकीत बसून रस्ता बघत होत्या. मला वाटलं, घरची आठवण येत असेल. एका सकाळी नवरा गेल्यावर त्या म्हणाल्या, "इथे त्या समोरच्या आजी स्वतः गाडी नेतात. माझ्याहून म्हाताऱ्या आहेत."

"हो आई, इथे सगळेच चालवतात."

"मला शिकव."

मी हसले. त्या हसत नव्हत्या.

"त्याला सांगू नको पण," त्या म्हणाल्या. "तो आधी घाबरेल, मग समजावेल. मला समजावून घ्यायचं नाही, गाडी शिकायची आहे."

वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक त्यांनी पूजेच्या पोथीत लपवून वाचलं. नवऱ्याला वाटायचं, आई हल्ली फार वाचन करते. लेखी परीक्षेत त्या पहिल्याच फटक्यात पास झाल्या आणि त्यांना शिकाऊ परवाना मिळाला. आमच्या विम्याच्या कागदांवर त्यांचं नाव मी फोन करून घालून घेतलं. या बाबतीत मी चोख होते. फक्त नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत जवळच्या चर्चचं पार्किंग अगदी रिकामं असायचं. तिथे आम्ही दोघी गोल गोल फिरायचो. सासूबाई गाडी इतकी हळू चालवायच्या, की कडेच्या हिरवळीवरची बदकं आमच्या पुढे चालत निघून जायची. थोडं पुढे गेलं की थांबायचं, आरसे बघायचे, इंडिकेटर लावायचा, पुन्हा निघायचं. अशा चालवण्याने पेट्रोलचं काय होतं, ते मला कॉलेजात शिकवलं होतं.

खरं सांगायचं तर थरथरीचं कारणही मला थोडंफार कळलं होतं. उभं असताना कापतं आणि वेग घेतला की सुधारतं, म्हणजे इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढत होतं. जादा हवा आत आली की गाडीचा कॉम्प्युटर गोंधळतो आणि वरून पेट्रोल ओतत राहतो. एखादी रबरी नळी चिरली असणार. पण मी गप्प राहिले. गाडी बरी झाली असती तर सकाळी ऑफिसला निघून गेली असती आणि आमचा वर्ग बंद पडला असता.

मग एक दिवस गाडी वळणावरच बंद पडली. सासूबाईंनी दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. "मी काही नाही केलं," त्या म्हणाल्या.

"तुमची चूक नाही, आई. गाडी आजारी आहे."

"परीक्षेच्या दिवशी अशी बंद पडली तर?"

परीक्षेची तारीख आम्ही नुकतीच घेतली होती. आता इलाज नव्हता. घरी येऊन मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि बागेच्या नळीचा एक तुकडा कापून आणला. त्याचं एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवायचं. डॉक्टर छाती तपासतात तसंच. चिरलेल्या जागी फुसफुस ऐकू येते. मला मात्र पंख्याच्या घरघरीपुढे काहीच ऐकू येईना.

सासूबाई जवळ उभ्या होत्या. "मला दे पाहू," त्या म्हणाल्या आणि नळी कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. एक्स्चेंजमध्ये त्या अशाच बसत असणार. मी दुसरं टोक फिरवत राहिले.

"थांब. मागे घे. इथं." त्यांनी डोळे उघडले. "लाइनवर कोणीतरी श्वास घेऊन राहिलं आहे."

तिथे, इंजिनाच्या मागच्या बाजूला, हाताला सहज लागणार नाही अशा ठिकाणी एक कोपरासारखी वाकडी रबरी नळी होती. मी ती पकडीत धरून दाबली. त्याबरोबर थरथर थांबली. नळी सोडली, पुन्हा सुरू झाली. सासूबाईंनी मला ते तीन-चार वेळा करायला लावलं, कारण त्यांना मजा वाटत होती. नळी काढून वाकवली तेव्हा खालच्या अंगाला नखाएवढी चीर दिसली. दुकानातून नवी आणली आणि दुपारच्या जेवणाआधी बसवली.

शनिवारी मित्र चहाला आला. गाडी चालू करून बघितली तर ती मांजरासारखी गुरगुरत होती. "बघ," तो नवऱ्याला म्हणाला, "औषधाला थोडा वेळ लागतो." सासूबाईंनी त्याच्यापुढे जास्तीची चकली ठेवली. माझ्याकडे बघायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

भाव चढतेच असल्यामुळे नवरा ऑफिसला मित्राच्याच गाडीतून जात राहिला. पण पेट्रोलचा खर्च निम्माच सुधारला. बाकीचं निम्मं चर्चच्या पार्किंगमध्ये जात होतं. नवरा हैराण झाला. "तू फक्त लायब्ररीत आणि ग्रोसरीला जातेस नं? मग गाडी दारात उभी राहून पेट्रोल पिते की काय?"

मित्राने बराच विचार करून सांगितलं, "कुणीतरी काढून नेतंय."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने टाकीला कुलूपवालं झाकण आणून बसवलं. त्याची किल्ली तो खिशात ठेवायचा. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, "बिचाऱ्याला सांगून टाकायचं का?"

"परीक्षा होऊ द्या," मी म्हणाले. त्यांना तेच ऐकायचं होतं.

तोवर आम्ही मोठ्या रस्त्यावर यायला लागलो होतो. एका दुपारी लायब्ररीकडे निघालो होतो. सासूबाई चालवत होत्या, वेगमर्यादेच्या बऱ्याच खाली, पाठ ताठ, नाक स्टीअरिंगजवळ. मागून एक गाडी अगदी जवळ आली. हॉर्न वाजला. मग परत वाजला. इथे कोणी सहसा हॉर्न वाजवत नाही.

"मागचा घाई करून राहिला," सासूबाई म्हणाल्या. "करू दे."

मी आरशात बघितलं. मागची गाडी नवऱ्याच्या मित्राची होती. तो स्टीअरिंगवर हात आपटत होता. त्याच्या शेजारी माझा नवरा बसला होता आणि आमच्या नंबर प्लेटकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

"आई," मी म्हणाले, "मागे तुमचा मुलगा आहे."

त्यांनी मान वळवली नाही. गाडी चालवताना मान वळवायची नाही, असं मीच शिकवलं होतं. "मला थांबायच्या खुणेपाशी थांबू दे आधी," त्या म्हणाल्या. आणि त्या थांबल्या, पूर्ण थांबल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं, इंडिकेटर लावला आणि लायब्ररीच्या आवारात वळल्या. मागची गाडीही वळली.

नवरा उतरून धावत आमच्या खिडकीशी आला. त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे.

"तू?" तो म्हणाला. "कधीपासून?"

"आल्यापासून," सासूबाई म्हणाल्या. "हॉर्न कोण वाजवत होतं?"

मित्र पाठीमागे उभा होता. "सॉरी काकू," तो म्हणाला. "मला वाटलं, कोणीतरी आजीबाई आहेत."

"आजीबाईच आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून वाजवायचा का?"

नवऱ्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटलं, आता चिडेल. पण तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला, टाकीचं कुलूप हाताने चाचपलं आणि तिथेच फुटपाथवर बसून हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "मी आपल्या कॉलनीच्या सिक्युरिटीला फोन करणार होतो," तो म्हणाला. "पार्किंगमध्ये कॅमेरा लावा म्हणून."

घरी आल्यावर त्याने समजावायचा एक प्रयत्न केलाच. इथली वाहतूक वेगळी, बर्फ, हायवे, वगैरे. सासूबाईंनी भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? मग उद्या संध्याकाळी तू शिकव. ही मला गाडी मागे घेताना फार ओरडते."

परीक्षेत त्या एकदा नापास झाल्या. दोन खांबांच्या मध्ये गाडी लावायची होती, त्यातला एक त्यांनी हलकेच आडवा केला. दुसऱ्या वेळी पास झाल्या. परवान्यावरच्या फोटोत त्या इतक्या रागीट दिसत होत्या, की नवरा म्हणाला, पोलीस हा बघूनच सोडून देतील.

परत जायच्या दिवशी त्यांनी हट्टच धरला की विमानतळापर्यंत त्याच चालवणार. नवरा पुढे बसला. अख्ख्या रस्त्यात त्याने दारावरची कडी सोडली नाही. निर्गमनाच्या दारापाशी आम्ही दोघे उतरलो, डिकीतून बॅगा काढल्या, फुटपाथवर ठेवल्या. सासूबाई अजून पट्टा सोडत होत्या, तेवढ्यात पोलिसाने शिट्टी मारली आणि पुढे चला असा हात केला. नियम पाळायची त्यांना इतकी सवय झाली होती, की त्यांनी आज्ञाधारकपणे पट्टा पुन्हा लावला, आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि निघून गेल्या.

आम्ही बॅगांजवळ उभे. त्यांचा पासपोर्ट आणि तिकीट नवऱ्याच्या हातात.

"परत कसं यायचं ते तिला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

विमानतळाला पूर्ण वळसा घालून त्या पुन्हा आल्या तेव्हा आम्ही दोघंही घामाघूम झालो होतो. त्यांनी फुटपाथला अगदी चिकटून गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"रस्ता सोपा आहे," त्या म्हणाल्या. "पाट्या वाचल्या की झालं."

मग पदर सारखा करून त्यांनी मुलाच्या हातातून आपला पासपोर्ट घेतला आणि दाराकडे निघाल्या.