थांबलेली विहीर आणि रिगवाले नाना

रिगवाले नाना कुणाच्या कानात काही सांगू लागले की ते समोरच्या बिल्डिंगलाही ऐकू जायचं. त्यांची अख्खी नोकरी समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर, इंजिनांच्या घरघरीत गेली. तिथे जो ओरडत नाही त्याचं कुणी ऐकत नाही. निवृत्त होऊन कायमचे इंदूरला आले तरी आवाज काही खाली येईना. कॉलनीत कुणाचं लग्न मोडलंय, कुणाचा जावई घरी येऊन बसलाय, हे गुपित म्हणून नानांना सांगायचं म्हणजे दवंडी पिटण्यासारखंच होतं. "अहो, हळू!" असं काकू म्हणायच्या. "हळूच तर बोलतोय ना मी!" असं नाना गरजायचे.

मी साताऱ्याहून इथल्या कॉलेजात शिकवायला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. समुद्रापासून इतक्या लांबचा माणूस समुद्राच्या तळाला भोकं पाडायचं काम करायचा, याचं मला आधी हसूच आलं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. आजोबाही कारकून, वडीलही कारकून. "तीन पिढ्या बसून होत्या," नाना म्हणायचे, "कोणीतरी उठायला पाहिजे होतं ना भिया!" भिया म्हणजे इंदुरी भैया. मी बाईमाणूस, पण मलाही ते भियाच म्हणत. पहिल्यांदा मी नाक मुरडलं, मग सवय झाली.

नव्या पाहुण्याला त्यांच्या घरी चहाच्या आधी परीक्षा द्यावी लागे. नाना स्वयंपाकघरातून कणकेचा डबा उचलून आणत. काकूंची विणकामाची लोखंडी सुई त्यात उभी खुपसून पिठाखाली पूर्ण दडवत आणि दुसरी सुई पाहुण्याच्या हातात देत. "आता या काठाकडून तिरकी घाला आणि तिच्या बुडाला टेकवा. चलो, शुरू!" ते कुणालाच जमत नसे. मग नाना पिठावर एक छोटं होकायंत्र ठेवत, त्याचा काटा लोखंडाकडे कसा ओढ घेतो ते बघत आणि सुई जराशी सरकवत. पुन्हा बाहेर काढत, पुन्हा काटा बघत. "थोडं घालायचं, बाहेर काढायचं, बघायचं. घाई केली की बाजूने निघून गेलात, समझे?" त्याच पिठाच्या पोळ्या वाढताना काकू पाहुण्याला सांगत, "खा हो, अंगात लोह वाढेल."

या खेळाचा अर्थ मला पुढे कळला. समुद्रातली तेलाची विहीर फुटली की तेल आणि गॅस उसळून वर येतात. "मग वरून झाकण का नाही लावत?" असं मी विचारलं होतं. "तोंडच फाटलंय, तर झाकण कशाला लावणार?" नाना म्हणाले. "आणि आग लागली तर जवळ जाणार कोण, तू? म्हणून लांब जायचं, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. तिथे दुसरी विहीर खोदायला घ्यायची. आधी सरळ खाली, मग हळूहळू वाकवत न्यायची. फुटलेल्या विहिरीचा लोखंडी पाइप असतो ना, तो चुंबकाच्या यंत्राने हुडकायचा. खूप खोलवर, जिथे तेल आत शिरतं तिथेच जाऊन तिला भेटायचं. आणि मग तिथून चिखल ओतायचा."

"चिखल?"

"चिखलच. पण असा वजनदार, की खालचा जोर त्याला उचलूच शकत नाही. तो दाबून बसला की वर सिमेंट. तेव्हा मेली विहीर." त्यांच्या धंद्यात विहीर बंद करत नाहीत, मारतात. या शब्दावर ते फार अडून बसत.

मग एका वर्षी खरोखरच अशी विहीर फुटली. विहिरीवरच्या प्लॅटफॉर्मवरची माणसं वेळेवर उतरली, पण तेल वाहतच राहिलं. निवृत्त नानांना कंपनीने सल्लागार म्हणून बोलावलं आणि रिलीफ वेलचं, म्हणजे त्या दुसऱ्या, वाकड्या विहिरीचं काम त्यांच्या हाती दिलं. नाना बॅग उचलून निघाले. इंदूरजवळच्या हातोदहून आणवलेल्या लसणाची चटणी तेवढी त्यांनी आठवणीने मागून घेतली. तिकडून फोन आला की त्यांचा आवाज फोनमधूनही मला वर ऐकू यायचा: आज इतकं खोदलं, आज यंत्र खाली सोडलं, पाइपची चाहूल लागली.

आणि एके दिवशी तेल आपोआप थांबलं. खालची वाळू आणि दगड ढासळून विहिरीतच अडकले होते. ऑफिसात पेढे वाटले म्हणे! हुकूम सुटला की तेल थांबलंय, तर आता खोदणंही थांबवा. रिग रिकामी करा आणि जुन्या प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीला माणसं चढवा. नाना म्हणाले, थांबवणार नाही. त्यांना किनाऱ्यावर बोलावून घेतलं, तिथेही ते तेच म्हणाले. मग त्यांना घरी पाठवलं आणि नाना अर्धी विहीर मागे टाकून इंदूरला आले. स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याशीही भांडले.

पण या धंद्यात एक रीत आहे. ज्याने रिलीफ वेल सुरू केली, त्यानेच फुटलेली विहीर मेली असं म्हणायचं. त्याच्या सहीशिवाय प्लॅटफॉर्मवर माणूस चढत नाही. म्हणून चार दिवसांत मुंबईच्या ऑफिसातून एक साहेब आला. चांगला, नम्र, तरुण साहेब. काकूंनी मला मुद्दाम खाली बोलावलं होतं. "यांचा आवाज चढला तर तू मध्ये पड," त्या म्हणाल्या. मी काय डोंबल मध्ये पडणार होते!

"सर, कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतंय. एक थेंबही येत नाहीये."

"थांबली आहे. मेली नाहीये."

"पण सर, आता बराच वेळ झाला..."

"तिचा गळा वाळूने धरलाय. वाळू काय आपल्या पगारावर आहे? उद्या सोडेल हात. वर कोण असेल तेव्हा? कोण चढणार आहे पहिल्या बोटीत?"

"टीम ठरायची आहे, सर." साहेबाने खाली बघितलं. मग म्हणाला, "सर, रागावू नका, पण सही झाली नाही तर ऑफिस तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही. कधीच नाही."

नानांचं त्या कामावर किती प्रेम होतं ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, आता भिंती हादरणार. पण नाना आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू बोलले. "नको बोलावू देत. मी करत नाही सही. जा, सांग त्यांना."

ऑफिसने मग दुसऱ्याची सही शोधायला सुरुवात केली. ड्रिलिंगवाल्यांची दुनिया छोटी, सगळे एकमेकांना ओळखतात. एकाने नकार दिला, दुसऱ्यानेही दिला. महूला नानांचे एक जुने सोबती राहतात, त्यांनाही विचारलं गेलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "भिया, मी साफ बोलून दिलं. ज्याची विहीर आहे त्याला विचारा. जबरदस्ती आहे क्या?" त्या दिवशी मला या हट्टी म्हाताऱ्यांचा इतका अभिमान वाटला, की मी काकूंना मिठीच मारली.

शेवटी खोदणं पुन्हा सुरू झालं, नानांच्या हाताखाली तयार झालेल्या एका इंजिनिअरच्या हाती. नानांना कुणी बोलावलं नाही. दोन्ही विहिरी खाली भेटल्या तेव्हा त्या इंजिनिअरनेच फोन केला. वाळूच्या खाली पूर्वीइतकाच जोर होता, चिखल परत वर ढकलत होता. कितीतरी वेळ ओतल्यावर तो दाबून बसला. "आता मेली, सर," तो म्हणाला. "कागद पाठव," नाना म्हणाले. कागद आला, आकडे दोनदा वाचून त्यांनी सही केली आणि झोपायला गेले.

कंपनीने पुढे मोठा समारंभ केला, शाली दिल्या, फोटो छापले. नानांचं नाव कुठेही नव्हतं. मला अजून त्याचा संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही. नाना मात्र म्हणाले, "शाल घेऊन काय करू? इंदूरला थंडी असते तरी किती?" ते नंतर पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. त्यांना कुणी जाऊ दिलं नाही, हे जास्त खरं.

गेल्या वर्षी नाना गेले. तेराव्यानंतर तो साहेब भेटायला आला. नानांच्या फोटोला त्याने नमस्कार केला, मग काकूंजवळ येऊन बसला.

"काकू, एक गोष्ट मी तेव्हा सरांना बोललो नव्हतो. पहिल्या बोटीत मीच चढणार होतो."

"त्यांना कळलं होतं रे," काकू म्हणाल्या. "तू गेल्या-गेल्या म्हणाले, 'तोंडावर दिसतंय, हाच चढणार आहे. आणि माझीच सही मागायला आलाय. पागल है क्या!'"

"मग मला का नाही बोलले?"

"बोलून काय झालं असतं? तू ऑफिसला हो म्हणून आला होतास. कुणीतरी तुझ्यासाठी नाही म्हणायला पाहिजे होतं ना!"