चात्तूने शिकवलेल्या घोषणा

केरळातल्या कण्णूरच्या चिरेखाणीत चात्तूने एकतीस वर्षं जांभा कापला. दिवसाला साठ चिरे, सगळे काटकोनात. कोपरा उडालेला चिरा तो मोजतच नसे. त्यामुळे नात बोलत नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, आपली मेहनत कमी पडतेय.

श्रीनंदा पाच वर्षांची असताना तिचा बाप बिजेश विहिरीवर तिला आंघोळ घालत होता. भरदुपारी दुसऱ्या पक्षाची सहा माणसं तलवारी घेऊन परसात शिरली. अंगावर साबण तसाच असलेली पोर धुण्याच्या दगडाआडून बापाला कापताना बघत राहिली. त्या दिवसापासून तिची वाचा बसली. स्वतःचं अख्खं नाव लिहिणारी पोर सातव्या वर्षी पहिलं अक्षर विसरलेली. बादली खणकली की खाटेखाली. रोज अंथरूण ओलं. शाळेत तिला दोन वर्षांनी लहान पोरांत बसवत.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तालावरचं काहीतरी रोज तिच्यासोबत म्हणा, बडबडगीतं वगैरे. चात्तूला बडबडगीतं कुठून येणार? बिजेश लहान होता तेव्हा हा उजाडायच्या आत खाणीत असे. सून शहरातल्या कापडदुकानात, बायको नाणी दिवसभर विड्या वळण्यात. चात्तूला तालावर येत होत्या त्या फक्त युनियनच्या घोषणा. मग त्याच.

रोज सकाळी ओट्यावर बसून तो पोरीच्या हातांनी टाळ्या वाजवी आणि म्हणे, “घाम आमचा, घाव आमचा, चिऱ्याला द्या भाव आमचा.” चार महिने एकही दिवस चुकला नाही. पाचव्या महिन्यात पोर हळूच म्हणाली, “भाव आमचा.”

नाणी मांडीवरचं सूप घेऊन तशीच उठली, तंबाखू सांडली. रडली, आणि मग म्हणाली, “पोरीला चहा मागता येत नाही, तुम्ही तिला भाव मागायला लावताय.”

सुरुवात तर झाली, असं चात्तूचं म्हणणं.

बातमी बिजेशच्या पक्षाच्या शाखेपर्यंत गेली. त्याचा स्मृतिदिन जवळ आला होता आणि हुतात्म्याच्या लेकराने त्याच्या स्मृतिस्तंभापाशी पहिली घोषणा द्यायची, ही गावाची रीत. गेल्या वर्षी ती चुकली होती. शाखेचा सचिव सुगुणन घरी आला. एकच घोषणा, चात्तूएट्टा, तो थोरल्या भावाला विनवावं तसं म्हणाला. नाणी नको म्हणत होती. चात्तू हो म्हणाला. इतक्या मेहनतीचं काम चार लोकांनी बघावं असं त्याला वाटलं, हे खरं.

स्तंभापाशी पाचशे माणसं. पोरीला स्टुलावर उभं केलं, माईक खाली ओढला. तिने शिकवलेली घोषणा नीट दिली, लोकांनी ती उचलली. मग कोणी न सांगता तिने मूठ वर केली. “ज्या हातांनी कापलं त्याला, ते हात कापू, ते हात कापू.”

बापाच्या अंत्ययात्रेतली घोषणा. दोन वर्षं ती पोरीच्या पोटात तशीच पडून होती. एकेक अक्षर स्वच्छ. पाचशे गळ्यांनी ती परत दिली, तशी पोरीने पुन्हा म्हटली. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. पाढे म्हणावेत तशी म्हणत होती. बाप्ये डोळे पुसत होते. सुगुणनने मोबाईल वर धरला होता. चात्तू माणसांना कोपराने ढकलत पुढे गेला आणि त्याने तिला उचललं. तिचा परकर ओलाचिंब होता.

घरी आल्यावर तिने आजाला विचारलं, “अच्छाच्छा, नीट म्हटलं ना मी?”

दोन वर्षांतलं तिचं स्वतःचं पहिलं वाक्य. चात्तू तिच्यासाठी कोरडा परकर शोधायला उठला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने घोषणा बंद केल्या. पोर पुन्हा गप्प झाली, कारण दुसरं काही तिच्याजवळ नव्हतंच. गल्लीतली पोरं माडाच्या झावळ्यांचे दांडे तलवारीसारखे फिरवत तिला कुंपणापाशी बोलवायची, लिमलेटची गोळी दाखवून ती हात कापायची घोषणा म्हणायला लावायची. ती म्हणायची. चात्तू त्यांना हाकलायचा, पोरं परत यायची. त्यांच्या आईबापांकडे गेला तर ते कौतुकाने हसले. शाळेत सांगितलं, तर बाई म्हणाल्या, तोंड तर उघडतेय ना.

वर्ष सरलं. सुगुणन पुन्हा आला. चात्तू म्हणाला, ती बोलत नाही.

“काय सांगता, चात्तूएट्टा? गेल्या वर्षी मैदान हलवलं पोरीने.”

“ती कुठे बोलली? मी बोललो, तुम्ही बोललात. तोंड तेवढं तिचं.”

सुगुणन आवाज उतरवून म्हणाला, गावाची रीत आहे. लोक म्हणतील, बिजेशचं घर दुसऱ्या पक्षाकडे फिरलं.

“म्हणू देत. माझी चूक मी मोजलीय. तुमची तुम्ही मोजा.”

सुगुणन चहा तसाच ठेवून गेला. त्या घरात आता शाखेतलं कोणी येणार नव्हतं, हे नाणीलाही कळलं. तिने गार चहा अंगणात ओतला.

चात्तू आत गेला. श्रीनंदा चटईवर बसून चिंचोके एका रांगेत लावत होती. तो गुडघे धरत समोर बसला, एक चिंचोका उचलला आणि विचारलं, हे काय?

तिने चिंचोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. या वेळी त्याने शब्द सांगितला नाही, थांबला. नाणीने जेवायला दोनदा हाक मारली. तो उठला नाही.