साखळीच्या कड्या

दादा गेल्यापासून सोलापुरातला एक सायकलवाला मला वारंवार आठवतो. त्याचे नाव मला ठाऊक नाही. सत्तरच्या दशकात दादा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आवाज बदलणारी, पायाने दाबायची त्याची दोन पेडल फळीवर सारखी सरकत, म्हणून तो मान खाली घालूनच वाजवी. आई पहिल्यांदा कार्यक्रमाला येणार होती, त्या दुपारी आम्ही फळी घेऊन त्या दुकानात गेलो.

"पेडल आनलंत, सायकल कुटं हाय?" तो म्हणाला. मग त्याने जुन्या साखळीच्या कड्या सुट्या केल्या. प्रत्येक कडीचे एक भोक पेडलच्या तळाच्या स्क्रूत अडकवले, दुसरे फळीला आवळले. दर कडीनंतर फळी कानाशी नेऊन तो हलवून बघे.

"आता हलणार नाही ना?" दादाने विचारले.

"न्हाय की. आता पायाकडं बघू नगा, मालक. मानसं म्होरं बसत्यात."

संध्याकाळी दादा मान वर करून वाजवत होता. आई माझ्या कानाशी म्हणाली, "हा वाजवताना हसतो, हे मला माहीतच नव्हतं."

मलाही नव्हते. आज दादा आठवतो तो तसाच, हसताना. तो चेहरा मला त्या माणसामुळे मिळाला.