प्याले कोण धुणार

प्रभुभोजनाचे प्याले इथेही तसेच असतात, अंगठ्याएवढे. मँचेस्टरला आले तेव्हा ओळखीची पहिली गोष्ट दिसली ती हीच. पुण्याच्या आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये मी लहानपणापासून तेच पाहिलं होतं. लाकडी ट्रेला भोकं, भोकात काचेचा प्याला, प्याल्यात घोटभर द्राक्षाचा रस. इथली गाणी कळत नव्हती, उपदेश कळत नव्हता, पण ट्रे समोर आला तेव्हा जिवाला बरं वाटलं.

मुलाने मला इकडे आणलं ते त्याचे वडील गेल्यावर. तो कॉम्प्युटरवर काम करतो, सून हॉस्पिटलात नर्स आहे. दोघंही चांगली. पण दोघंही दिवसभर बाहेर, आणि रविवारी कधी एकाला काम तर कधी दुसरीला झोप. चर्च घरापासून चालत जाण्यासारखं होतं, म्हणून मी एकटीच जायची. मागच्या बाकावर बसायची. उपासना झाली की मागच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटं असतात. सगळे बोलत उभे राहतात. मी कप धरून भिंतीशी उभी. मुळात मला चार माणसांत बोलायला जमत नाही, तिथे तर भाषाही नव्हती. चहा संपला तरी रिकामा कप मी धरून ठेवायची, म्हणजे हातात काहीतरी आहे असं दिसावं.

एका रविवारी एक उंच म्हातारी बाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्या हातातला कप घेतला आणि त्याच हातात भांडी पुसायचा टॉवेल दिला.  मी तिच्या मागून आत गेले. ती धुवायला लागली, मी पुसायला लागले. त्या दिवसापासून मी त्या मंडळीतली झाले.

मी त्यांना मावशी म्हणायची. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, अगदी पाळकबाईंनासुद्धा, पण माझ्या आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ उचलेना. सुनेने एकदा त्यांना समजावून सांगितलं की आमच्यात असं म्हणतात. त्यांना ते आवडलं. त्या मला ‘लव्ह’ म्हणायच्या. इथे बसचा ड्रायव्हरही तसंच म्हणतो, त्यात विशेष काही नाही, पण मला विशेष वाटायचं.

मावशींचे यजमान त्याच चर्चमध्ये बाजा, म्हणजे ऑर्गन, वाजवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. आठवडाभर घरात एकट्या, आणि रविवारी सिंकपाशी. त्या बोलायच्या, मी ‘यस, यस’ करायची. हळूहळू अर्धं कळायला लागलं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. इथली माणसं भांडी साबणाच्या पाण्यात बुडवतात आणि फेसासकट तशीच काढून ठेवतात. स्वच्छ पाण्यातून काढतच नाहीत. मला ते बघवायचं नाही. प्रभुभोजनाचे प्याले तर नाहीच. मावशी पाठ वळवून ट्रे आणायला गेल्या की मी पटकन नळ सोडून प्याले विसळून घ्यायची. त्यांना आवाज यायचा.

“परत नळ?” त्या तिकडूनच म्हणायच्या. “लव्ह, साबणाने अजून या चर्चमध्ये कोणी मेलं नाही.”

“लिटल वॉटर, मावशी.”

“थोडंसं? मँचेस्टरचा कालवा रिकामा केलास तू!”

आणि मग त्या मुद्दाम एखादा प्याला फेसाने भरून माझ्यापुढे ठेवायच्या. दोघी हसायचो. आठवड्यातलं माझं हसणं बहुतेक तेवढंच असायचं.

आमच्या पाळकबाईंकडे एकच चर्च नव्हतं. इथे जवळपासच्या काही मंडळ्या मिळून एक सर्किट करतात आणि पाळक सगळ्यांना वाटून घेतात. त्यामुळे शेजारच्या मंडळीशी येणं-जाणं होतं. नाताळची गाणी त्यांच्याकडे, कापणीचा सण आमच्याकडे. पुढे आमच्या चर्चच्या छपरातून पाणी यायला लागलं आणि दुरुस्त करण्याएवढी माणसं राहिली नव्हती, तेव्हा आमची मंडळी त्या शेजारच्या मंडळीत मिळवायचं ठरलं. वाद झाला नाही. शेवटच्या रविवारी वेदीवरचा क्रूस, मोठं बायबल आणि प्याल्यांचे ट्रे गाडीतून तिकडे गेले. मावशींनी रिकामं सिंक पुसलं, नळ घट्ट केला आणि म्हणाल्या, “चला.”

नवीन चर्च ट्रॅमने दोन स्टॉपवर. उबदार, उजेडाचं, पायाखाली गालिचा. दारातच तिथल्या बायका हसत उभ्या. आमच्यासाठी पुढचे बाक राखून ठेवलेले. चहाच्या वेळी मी आणि मावशी सवयीने स्वयंपाकघराकडे वळलो, तर तिथली व्यवस्था बघणाऱ्या चष्मेवाल्या बाई दारातच आडव्या आल्या.

“नाही नाही! तुम्ही बसा. आज तुम्ही पाहुण्या.”

आम्ही बसलो. चहा हातात आला, केक हातात आला. रिकामे कपही कोणीतरी हातातून घेऊन गेलं. खिडकीतून मला दिसलं, आत भांडी धुवायचं मशीन होतं. पुढच्या रविवारीही तेच. “बसा, बसा, तुम्ही कशाला?” फार प्रेमाने म्हणत होत्या. मावशी खुर्चीत ताठ बसून हातमोजे घालत होत्या, काढत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. आमच्याकडे दार उघडायला उभे राहायचे ते आजोबाही दिसेनात, फुलं मांडणारी बाईही दिसेना. कोणी रुसलं नव्हतं, तक्रार केली नव्हती. यायची थांबली, एवढंच. आणि मी परत भिंतीशी, हातात रिकामा कप.

मला फोनवर इंग्रजी कळत नाही, म्हणून मी मावशींच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, चहा केला.

“गुडघा,” त्या म्हणाल्या. “चालवत नाही.”

मी गुडघ्याकडे पाहिलं. मागच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या, पायरी घासून ओली होती. त्यांनी माझी नजर बघितली.

“बरं, गुडघा नाही,” त्या म्हणाल्या. “पण तिथे येऊन मी करू काय, सांग? बसायचं तर माझ्याकडे माझी खुर्ची आहे. उपदेश रेडिओवरही लागतो.”

“कम, मावशी. प्लीज.”

“तुझ्यासाठी येईन कधीतरी, लव्ह,” त्या म्हणाल्या. पण ते त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं. अशी सुटलेली माणसं परत येत नाहीत, हे मी पुण्यातही पाहिलं होतं. पहिले दोन रविवार सगळे विचारपूस करतात, मग त्या बाकावर दुसरं कोणी बसतं. मावशींना जायला दुसरी कुठलीच जागा नव्हती. मलाही, त्या सिंकशिवाय.

त्या आठवड्यात सुनेची रात्रपाळी होती. संध्याकाळी मी तिच्या डब्यासाठी भाकरीचं पीठ काढलं. तिने परात माझ्या हातातून घेतली.

“आई, बसा हो तुम्ही. आयुष्यभर केलंत. मी कॅन्टीनमध्ये खाईन काहीतरी.”

रोज ती असंच म्हणते आणि रोज मी गप्प बसते. त्या दिवशी कशी कोण जाणे, बोलून गेले. “बसून बसून मी पाहुणी झाले गं तुझ्या घरात.”

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रागावणार. पण तिने परात माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “मग दोन करा. आणि ठेचा पण. कॅन्टीनचं सँडविच म्हणजे ओला पुठ्ठा असतो.”

भाकरी थापता थापता मी तिला मावशींचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, “मी पाळकबाईंना फोन करते ना. त्या बोलतील.”

“नको. वरून सांगितलं की त्या बायकांना वाटेल तक्रार केली. मीच सांगेन. इंग्रजीत काय म्हणू ते सांग.”

सून हसली. “तुम्ही? आई, तुम्ही दुकानात सुटे पैसे परत मागायला मला पुढे करता.”

“तू सांग तर खरं.”

तिने एक लांब, सभ्य वाक्य शिकवलं. मी ते आठवडाभर म्हणत होते, आंघोळ करताना, कपडे घड्या घालताना.

तो रविवार प्रभुभोजनाचा होता. उपासना झाली आणि मी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. चष्मेवाल्या बाई मागे वळल्या, हसल्या, “बसा ना तुम्ही!” आणि माझं ते लांब वाक्य जे गेलं ते गेलंच. एक शब्द आठवेना. मी नुसती उभी.

त्यांच्यामागे मशीनचं दार उघडं होतं. आमचे प्याले त्यांनी मशीनच्या जाळीवर उभे केले होते. एवढेसे प्याले त्या जाळीत कुठले राहतात? काही फटीतून खाली घसरले होते, एकाच्या कडेचा टवका उडाला होता. मागच्या वेळचे टवके उडालेले आणखी दोन खिडकीत वेगळे ठेवलेले. मला नंतर कळलं की या मंडळीत प्रभुभोजनाला वापरून टाकायचे प्लास्टिकचे प्याले असायचे. आम्ही आलो म्हणून, आमच्या मानाखातर, त्यांनी आमचे काचेचे काढले होते. आणि आम्हाला त्रास नको म्हणून मशीनमध्ये घातले होते.

मी जाळीतला प्याला उचलला.

“नो सिट,” मी म्हणाले. आवाज मलाच मोठा वाटला. “नो गेस्ट. माय फ्रेंड वॉश. आय वाइप. फ्रेंड नॉट कमिंग. नो वॉश, नो कमिंग.”

 बाईंनी चष्मा काढला. “पण त्या म्हणाल्या, गुडघा...”

“गुडघा गुड,” मी म्हणाले. घाईत अर्धं मराठीच आलं. मी माझ्याच गुडघ्यावर थाप मारून दाखवली.

त्यांना हसू आलं, पण लगेच गेलं. त्या सावकाश बोलल्या, मला कळावं म्हणून. “आम्हाला वाटलं, तुम्ही तुमचं चर्च सोडून आलात, दमून आलात. आल्या आल्या कामाला लावलं तर तुम्ही म्हणाल, यांना माणसं नकोत, मोलकरणी हव्यात. आम्ही बैठकीत ठरवलं होतं, वर्षभर यांना काही करू द्यायचं नाही.”

वर्षभर! मी नाही म्हणून मान हलवली. बाई मशीनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्यातले सगळे प्याले एकेक करून काढले, न धुतलेले, तळाशी रसाचा थेंब असलेले, आणि परत आमच्या लाकडी ट्रेमध्ये लावले.

“त्यांचं घर माहीत आहे ना तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “माझी गाडी आहे.”

गाडीत ट्रे माझ्या मांडीवर होते. वळणावर सगळे प्याले किणकिणायचे. बाई अगदी हळू चालवत होत्या. मनात मी काय बोलायचं ते जुळवत होते, पण दार उघडल्यावर मला बोलावंच लागलं नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग ट्रेकडे.

“हे काय? उष्टे प्याले घेऊन माझ्या दारात?”

बाई म्हणाल्या, “आमच्याकडे धुवायला कोणी नाही.”

मावशींनी एक प्याला उचलून उजेडात धरला. बोट कडेवरून फिरवलं. “मशीनमध्ये घातलेत.”

“हो.”

“माझ्या यजमानांच्या आधीपासूनचे हे प्याले. आणि मशीनमध्ये.” त्यांनी प्याला परत ट्रेमध्ये ठेवला. मग वळल्या आणि आत चालायला लागल्या. “पाय पुसून या. गालिचा आहे.”

त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला, साबण घातला, बाह्या वर केल्या. एक टॉवेल माझ्या अंगावर फेकला, एक बाईंच्या. बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. पहिला प्याला फेसात न्हाऊन बाहेर आला. मी काही करायच्या आत बाईंनी तो घेतला, हात लांब करून थंड पाण्याचा नळ सोडला आणि स्वच्छ विसळला.

मावशींचे हात पाण्यातच थांबले. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “अजून एक.”

पुढच्या रविवारी त्या ट्रॅम स्टॉपवर माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीतून रबरी हातमोज्यांची पिवळी बोटं बाहेर आलेली. ट्रॅममध्ये बसल्यावर म्हणाल्या, “तो दार उघडणारा म्हातारा. त्यालाही परत आणायला पाहिजे. तिथलं दार आपोआप उघडतं, मी येऊन करू काय, म्हणतो.”

मी म्हणाले, “यस, मावशी.”

“यस काय? गेल्या वेळी तू बोललीस, आता यावेळीही तूच बोल.”