परांच्या उतरेपर्यंत

कॅनडाची राजधानी खासगी मालकीची आहे, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. ओटावा शहर, त्यातली संसद, कॅनॉल, तीन नद्या, त्यांच्यावरचे पूल आणि मे महिन्यात फुलणारे यच्चयावत ट्यूलिप हे सगळं आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांचं आहे. सरकार आपलं नावाला. काका मूळचे कऱ्हाडचे. तरुणपणी इथे येऊन एका सरकारी खात्यात चिकटले, लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, आणि निवृत्त झाल्यापासून पूर्ण वेळ शहर सांभाळतात. कॅनॉलच्या कडेने फिरायला निघाले की वाटेतला कागदाचा कपटा उचलून डब्यात टाकतील, रेलिंग हलवून बघतील, आणि एखादा दिवा दिवसाढवळ्या जळताना दिसला तर वीजबिल आपल्याच घरी येणार असल्यासारखे हळहळतील.

टोरोंटोला कॅनडाची राजधानी समजणाऱ्या माणसाशी काका संबंध ठेवत नाहीत. त्यामुळे भारतातले त्यांचे निम्मे नातेवाईक परस्पर कटाप झाले आहेत. एका गणेशोत्सवात टोरोंटोहून आलेला एक गृहस्थ गमतीने म्हणाला, "ओटावा काय, संध्याकाळी सहाला शटर डाउन करणारं गाव!" काका तेव्हा पंगतीत मठ्ठा वाढत होते. मठ्ठा त्या गृहस्थाच्या पानाजवळ न थांबता पुढे गेला आणि परत त्या बाजूला फिरकला नाही.

आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना काकांच्या स्वाधीन करतो. आधी कॅनॉलची दारं, बोटींना पायरी पायरीने नदीत उतरवणारी. मग बायवर्ड मार्केट. मग रिडो नदी जिथे पडद्यासारखी सरळ ओटावा नदीत पडते तो धबधबा. तिथे काका पाहुण्यांचा खांदा धरून त्यांना पलीकडे बघायला लावतात. "ही इकडनं आली, आणि ती समोर गॅटिनो, ती तिकडनं आली. तोंडासमोर तोंड! आमच्या कऱ्हाडला कृष्णा-कोयना भेटतात तश्शा." मी एकदा म्हटलं, "काका, मध्ये एक अख्खी ओटावा नदी आहे. या दोघी भेटतात कुठे?" ते म्हणाले, "अरे, दिसतात की एकमेकींना! तेवढं पुरे नाही का?"

पण खरी पंचाईत संसदेपाशी होते. संसदेच्या मुख्य इमारतीची दुरुस्ती गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि अजून कित्येक वर्षं चालणार आहे. क्रेन, कुंपणं, परांच्या. काकांना याची इतकी लाज वाटते की पाहुणे टेकडी चढायच्या आधीच ते दिलगिरी व्यक्त करतात. "आत्ता जरा काम काढलंय हो. पसारा आहे. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका." मग कुंपणापाशी उभं राहून, दोन्ही हात हवेत फिरवत, ते झाकलेल्या कमानी उघड्या करून दाखवतात. मधल्या काळात सिनेट जुन्या रेल्वे स्टेशनात भरतं हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली जातो. घर बांधून होईपर्यंत भाड्याच्या जागेत राहावं लागतंय, हे सोयऱ्यांना सांगावं तसा. माझ्या मेव्हण्याचा मुलगा एकदा म्हणाला, "अंकल, इज दिस इट?" काका दोन दिवस जेवले नाहीत असं मी म्हणणार होतो, पण जेवले. गप्प बसून जेवले एवढंच.

ही लाज नुसती पाहुण्यांपुरती असती तर आम्ही हसून सोडून दिली असती. पण कऱ्हाडला काकांची अक्का होती. आई लवकर गेली तेव्हा याच थोरल्या बहिणीने काकांना वाढवलं. मागे काका भेटून परत निघाले तेव्हा अक्कांनी जाहीर केलं होतं, "आता तू यायचं नाहीस. पुढच्या वेळी मी येणार तुझ्याकडे." त्यांनी पासपोर्ट काढला, लोकरीचे मोजे विणले, आणि दर उन्हाळ्यात फोनवर विचारायला लागल्या, "येऊ का रे?" आणि काका म्हणायचे, "अक्का, जरा थांब. पार्लमेंटचं काम होऊ दे."

मी एकदा चिडून म्हटलं, "काका, पार्लमेंट तुमच्या तीर्थरूपांनी बांधलंय का? बोलवा की त्यांना!"

"तुला कळायचं नाही," काका म्हणाले. "घरात रंग चालू असताना अक्काने कधी पाहुण्याला उंबरा ओलांडू दिला नाही. आणि ती पहिल्यांदा येणार. पहिल्यांदा आलेल्या माणसाला अर्धवट घर दाखवायचं?"

"मग तुम्ही जाऊन या."

"मी गेलो की तिचं येणं राहिलंच म्हणून समज."

तेव्हा सारी भेट व्हिडिओ कॉलवर. रविवारी इथल्या सकाळी, तिथल्या दिवेलागणीला, काका फोन घेऊन बाहेर पडायचे आणि कॅमेरा शहराकडे वळवून बोलायला लागायचे. अक्कांनी कऱ्हाडात बसून सगळे पूल पाहिले, बर्फ पाहिला, कॅनॉलवर स्केटिंग करणारी पोरं पाहिली. हिवाळा ऊबदार गेला आणि कॅनॉल नीट गोठलाच नाही, तेव्हा काकांनी त्याबद्दलही माफी मागितली, "यंदा कॅनॉल धरला नाही गं."

मग अक्कांचे गुडघे गेले. पाठोपाठ हृदयाने कुरकुर सुरू केली आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. ही बातमी सांगायला काका आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि हिला म्हणाले, "नाहीतरी परांच्या उतरल्याच नाहीत अजून." ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

गेल्या ऑक्टोबरात त्यांनी मला सोबत नेलं. अक्कांना सगळं शहर एकदा नीट दाखवायचं होतं आणि हातवाऱ्यांसाठी त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. संसदेसमोरच्या बागेत मी फोन धरला. पानं लाल झाली होती, नदी चकाकत होती. काकांनी सुरुवात केली, "अक्का, हे डावीकडे जे झाकलंय ना..."

"ए बाळा," फोनमधून आवाज आला. हे मला होतं. "तो फोन जरा त्याच्याकडे फिरव की."

मी फिरवला. काका हात हवेत तसेच ठेवून उभे राहिले.

"टोपी काढ," अक्का म्हणाल्या.

काकांनी टोपी काढली. वाऱ्याने त्यांचे पांढरे, विरळ केस उडाले.

मग अक्का म्हणाल्या, "अगदी आई दिसायला लागलास रे. इतकी वर्षं गाव दाखवत राहिलास. मला काय करायचंय तुझ्या गावाचं? मी तुला बघायला येणार होते."

काकांनी टोपी परत घातलीच नाही. परतताना बसमध्ये त्यांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. उतरायच्या वेळी मला म्हणाले, "तिकिटं आता तुम्ही लोक फोनवरच बुक करता ना? एक करून दे. जायचं फक्त. यायचं नको."

एअरपोर्टवर मी विचारलं, "परत कधी?"

"अक्का आहे तोवर तिथेच," ते म्हणाले. "पुढचं पुढे."

काका गेले आणि शहर पुन्हा सरकारकडे आलं. परवा टोरोंटोहून पाहुणे आले, त्यांना मी धबधब्यापाशी नेलं आणि काकांसारखा खांदा धरून समोरची नदी कुठली ते सांगितलं. फार आठवण येते. सकाळी खाली उतरताना त्यांच्या बंद दारापाशी पाऊल अडखळतं आणि मनात येतं, कधी येणार हा माणूस परत? लगेच लक्षात येतं की आपण काय मागतोय. मग मी तिथेच उभा राहून, मनापासून, उलटं मागणं मागतो. काका, इतक्यात येऊ नका. मुळीच घाई करू नका.